खोलीतली खोली

त्रिमितीय चित्रपटाविषयीचे एक मत समीक्षेत इतके स्थिरावले आहे की ते मत आहे, सिद्धान्त नव्हे, याचाच विसर पडला आहे. पडद्यावरची वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर यावी हा या तंत्राचा हेतू. भयपट हे त्या हेतूचे हक्काचे क्षेत्र. हा परिणाम चित्रपटगृहाच्या भव्य पडद्यावरच साधतो. आणि म्हणून घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर चष्मा लावून बसणे म्हणजे जत्रेतला खेळ दिवाणखान्यात मांडण्याची केविलवाणी धडपड, असे हे मत थोडक्यात सांगता येईल. २०१० साली रॉजर ईबर्ट यांनी ‘न्यूजवीक’मध्ये त्रिमितीचा जाहीर धिक्कार केला. पुढच्या वर्षी वॉल्टर मर्च या श्रेष्ठ संकलकाचे पत्र प्रसिद्ध करून त्यांनी हा वाद आपल्यापुरता निकालात काढला. २०१६-१७ मध्ये सॅमसंग, एलजी, सोनी या उत्पादकांनी त्रिमितीय संच बनवणे थांबवले तेव्हा या मताला बाजाराचा कौलही मिळाला. पुस्तकाचा खप हा त्याच्या गुणवत्तेचा निकष मानायला जी समीक्षा कधी तयार नसते, तिने येथे मात्र न खपणे हा दोषाचा पुरावा म्हणून बिनतक्रार स्वीकारला.

या मताचा प्रत्येक दुवा तपासून पाहण्यासारखा आहे. आणि त्यासाठी घरी पाहिलेला त्रिमितीय अ‍ॅनिमेशन भयपट यासारखे दुसरे उदाहरण नाही. येथे भय पडद्याच्या पुढे नसते, मागे असते. लहान पडद्यामुळे ते कमी होत नाही. उलट आपल्या मूळ मापावर येते. आणि घर ही त्याची गैरसोयीची जागा नसून खरी जागा आहे.

प्रथम अंगावर येण्याविषयी. मराठीत अंगावर येणे आणि अंगावर काटा येणे हे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत, आणि त्रिमितीविषयीच्या लेखनात त्यांची गल्लत सतत होत आली आहे. अंगावर येण्याची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रॉबर्टसन हा खेळिया एका ओस पडलेल्या मठात पडद्यामागून दिव्याचे यंत्र चाकांवर पुढे-मागे सरकवून भुते मोठी होत प्रेक्षकांवर चाल करून येत आहेत असा भास निर्माण करी. १९५३ च्या ‘हाउस ऑफ वॅक्स’मध्ये एक इसम रबरी दोरीला बांधलेला चेंडू थेट प्रेक्षकांच्या दिशेने मारत राहतो. (या चित्रपटाचे दिग्दर्शक आंद्रे द तॉथ यांना एकच डोळा होता, म्हणजे स्वतःच्या चित्रपटाची तिसरी मिती त्यांना कधी दिसलीच नाही. त्रिमितीच्या इतिहासातली ही विसंगती कोणी रचली असती तर कृत्रिम वाटली असती.) भारतात १९८४ चा मल्याळम ‘माय डिअर कुट्टिचातन’ आणि १९९८ मध्ये त्याचे हिंदी रूप ‘छोटा चेतन’ यांनी एका पिढीची त्रिमितीविषयीची कल्पना घडवली, तीही पडद्यातून हाताशी येणाऱ्या वस्तूंचीच.

या परंपरेवर आक्षेप घ्यायला पाश्चात्त्य समीक्षकांकडे जाण्याची गरज नव्हती. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले दुसरे नेमके हेच आहे : समोर घडणारे सुखदुःख आपले किंवा अमक्याचे, याच स्थळाचे आणि याच क्षणाचे, असे बांधले गेले की आस्वाद खुंटतो. भयानक रसाच्या विवेचनात त्याने ‘शाकुंतला’तल्या भ्यालेल्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते हरीण कोणाचे, कोठले, हे गळून जाते आणि स्थलकालाने न बांधलेले भय तेवढे उरते, असा त्याचा अभिप्राय आहे. फेकलेला चेंडू चुकवायला जो मान वळवतो त्याच्यापाशी हे भय नसते. त्याला फक्त चेंडू चुकवायचा असतो. तेव्हा वस्तू अंगावर फेकणारा त्रिमितीय भयपट भयानक रसाला पारखा होतो, हा आक्षेप रास्तच आहे. चूक एवढीच की तो आक्षेप साऱ्या त्रिमितीवर लादला जातो. जणू त्रिमितीला पुढे येण्याखेरीज दुसरी दिशाच नाही.

दुसरी दिशा आहे, आणि तिचा वंश निराळा आहे. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन याने दोन डोळ्यांना दोन किंचित भिन्न चित्रे दाखवून खोलीचा प्रत्यय घडवणारे उपकरण विद्वानांपुढे मांडले. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर याने भिंगे बसवून त्याला सुटसुटीत रूप दिले, आणि १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनानंतर ते युरोपातल्या मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसले. आपल्याकडे अशा उपकरणाला सैरबीन म्हणत. दिव्याच्या यंत्राचा खेळ गर्दीसाठी असे, सैरबीन एकट्यासाठी. एकात चित्र माणसाकडे येई, दुसऱ्यात माणूस चित्रात डोके घाली. त्रिमितीय चित्रपटाचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या वंशावळीपाशी थांबतात आणि दुसरीला उपकरणांच्या इतिहासात ढकलून मोकळे होतात.

या दुसऱ्या वंशावळीत आजच्या अ‍ॅनिमेशन भयपटाचा थेट पूर्वज सापडतो. १८६० च्या सुमारास पॅरिसमध्ये ‘दियाब्लरी’ नावाची जोडछायाचित्रे निघू लागली. शिल्पकार टेबलावर मावतील अशी मातीची दृश्ये घडवीत : नरकातली मेजवानी, सांगाड्यांचे नृत्य, सैतानाचा दरबार. त्यांची जोडचित्रे पातळ कागदावर छापून मागून रंगवीत. प्रत्येक सांगाड्याच्या आणि सैतानाच्या डोळ्यांच्या जागी टाचणीने भोके पाडून मागे तांबडा पारदर्शक रंग लावीत. चित्र उजेडापुढे धरले की डोळे पेटत. हा नरक हातात मावणारा होता आणि घरात पाहिला जाई. तो अंगावर येत नसे. तो आपल्या जागी, काचेपलीकडे, शांतपणे चालू असे, आणि पाहणाऱ्याला त्यात ओणवे होऊन पाहण्याचा मोह पडे. बाहुली, जोडचित्र, घर आणि टोचलेले डोळे, असे चारही घटक येथे एकत्र आहेत. ते पुन्हा एकत्र येण्यास सुमारे दीडशे वर्षे जावी लागली.

हेन्री सेलिक यांचा ‘कोरलाइन’ २००९ साली प्रदर्शित झाला. नील गेमन यांच्या २००२ च्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट लायका या संस्थेने बनवला. नव्या घरात राहायला आलेल्या कोरलाइनला भिंतीवरच्या कागदामागे एक बुटके दार सापडते. दिवसा त्यापलीकडे विटा असतात, रात्री बोगदा उघडतो. पलीकडे तेच घर आणि तेच आईबाप, पण अधिक लाघवी, आणि त्यांच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे. इथे कायमचे राहायचे असेल तर तुझ्याही डोळ्यांत बटणे शिवावी लागतील, अशी त्या दुसऱ्या आईची अट आहे. चित्रपटातली कोरलाइन ही वीतभर उंचीची बाहुली आहे. तिची प्रत्येक हालचाल हाताने किंचित बदलून, एकेक चित्र टिपून घडवलेली आहे. आणि प्रत्येक चित्र दोनदा टिपलेले आहे : कॅमेरा डाव्या डोळ्याच्या जागी, मग अल्पसा सरकून उजव्या डोळ्याच्या जागी. स्थिर बाहुलीपुढे घाई नसते, म्हणून एकाच कॅमेऱ्याने दोन्ही डोळ्यांचे काम भागते.

सेलिक आणि छायालेखक पीट कोझाचिक यांनी या दोन जगांची मांडणी खोलीच्या फरकावर केली. खऱ्या घरातल्या खोल्या प्रत्यक्षात दाबून, उथळ बांधल्या. जमिनी उताराच्या केल्या. पलीकडच्या घरातल्या त्याच खोल्या खरोखर खोल बांधल्या. कॅमेऱ्याच्या जागेवरून दोन्ही स्वयंपाकघरे रेखाटनात जवळजवळ सारखीच दिसतात. फरक कळतो तो दोन डोळ्यांना. खऱ्या स्वयंपाकघरात कोंदटल्यासारखे वाटते, पलीकडच्यात श्वास मोकळा होतो. म्हणजे कोरलाइनला पडणारी भूल ही खोलीची भूल आहे. एका डोळ्याने, किंवा सपाट पडद्यावर, चित्रपट पाहणाऱ्याला ती मुलगी तेथे का रमते याचे उत्तर रंगांत आणि खाद्यपदार्थांत शोधावे लागते, आणि मग ती थोडी हावरट वाटू लागते. पात्राचे शील बदलते. जे तंत्र काढून घेतल्यावर पात्राचे शील बदलते त्याला अलंकार म्हणता येत नाही; ती संहिता आहे.

खोली आणि खोली हे दोन अर्थ मराठीने एकाच शब्दात ठेवले आहेत, हा भाषेतला योगायोग असेल. पण या चित्रपटापुरता तो योगायोग समीक्षेच्या पुष्कळ परिभाषेहून उपयोगी आहे.

डेव्हिड बोर्डवेल, स्कॉट हिगिन्स अशा अभ्यासकांनी ‘कोरलाइन’मधील खोलीचा गंभीरपणे विचार केला आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु ही खोली घरातल्या पडद्यावर आल्यावर तिचे काय होते हा प्रश्न निराळा आहे, आणि विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा याच ठिकाणी आहे. तो गणिताचा आहे, तेव्हा गणितानेच पाहू. माणसाच्या दोन डोळ्यांतले अंतर सुमारे साडेसहा सेंटिमीटर असते. पडद्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याच्या प्रतिमा तेवढ्याच अंतराने बाजूला सरकलेल्या असल्या की वस्तू अनंत अंतरावर भासते. बारा मीटर रुंद पडद्यावर क्षितिज असे मांडले आहे असे धरू. तीच जोडप्रतिमा तशीच्या तशी ४२ इंची संचावर, म्हणजे सुमारे ९३ सेंटिमीटर रुंदीवर आणली की ते अंतर अर्ध्या सेंटिमीटरवर येते. अडीच मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला आता क्षितिज काचेच्या मागे अवघ्या २१ सेंटिमीटरवर भासते. यथार्थदर्शन, छाया, एका वस्तूने दुसरीला झाकणे या एकनेत्री खुणा आपले काम करीतच असतात, हे खरे; आणि तबकडी बनवताना सारे दृश्य थोडे मागेपुढे सरकवताही येते. पण द्विनेत्री खोलीचा हिशोब साधारण एवढाच. सारे विश्व एका विताएवढे खोल. तंत्रज्ञांच्या परिभाषेत याला ‘पपेट थिएटर इफेक्ट’ म्हणतात : माणसे बाहुल्यांसारखी आणि जग बाहुल्यांच्या मंचासारखे दिसू लागते. ते याला दोष मानतात. माणसांच्या चित्रपटात तो दोष आहेही. मोठी नटी भातुकलीतल्या बाहुलीएवढी दिसावी असे कोणाला वाटेल?

पण ‘कोरलाइन’मध्ये जे बाहुलीसारखे दिसते ते बाहुलीच आहे. चित्रपटगृहातल्या भव्य पडद्यासाठी तंत्रज्ञांनी दोन प्रतिमांतले अंतर मानवी डोळ्यांच्या मापापेक्षा कितीतरी लहान राखून वीतभर बाहुलीला माणसाएवढी केली. घरचा पडदा ही वाढ परत घेतो. वीतभर उंचीची बाहुली वीतभर खोलीच्या पेटीत येऊन उभी राहते. आणि ही कथा तरी कशाची आहे? पलीकडचे घर हे दुसऱ्या आईने मुलीला फसवण्यासाठी हाताने बनवलेले भातुकलीचे घर आहे. कोरलाइनसारखी दिसणारी बाहुली तिनेच हेर म्हणून पाठवलेली आहे. खरे आईबाप पुढे काचेच्या हिमगोलात कोंडलेले सापडतात. लहान केले जाणे हेच या कथेतले संकट आहे. चित्रपटगृहात ते संकट कथेत घडते. घरी ते कथेतही घडते आणि पाहण्यातही घडते. ज्याला तंत्रज्ञ दोष म्हणतात त्याने येथे आशय पुरा केला आहे, आणि अंगावर येणाऱ्या वस्तू मोजत बसलेल्या समीक्षेला हे दिसण्याची सोयच नव्हती.

मर्च यांचा आक्षेपही याच ठिकाणी ढिला पडतो. त्यांचे म्हणणे असे की त्रिमितीय चित्रपटात डोळे एका अंतरावर वळतात आणि दुसऱ्या अंतरावर दृष्टी स्थिर करतात. उत्क्रांतीने माणसाच्या मेंदूला अशी सवय लावलेली नाही, म्हणून डोके दुखते. शरीरशास्त्र बरोबर आहे. पण हा ताण मुख्यतः वस्तू प्रेक्षकाच्या नाकापर्यंत आणल्या की जाचतो. अडीच मीटरवरच्या काचेपासून एक वीत मागे असलेल्या जगासाठी तो नगण्य आहे. म्हणजे मर्च यांनीही अंगावर येणाऱ्या परंपरेचेच खंडन केले आणि निकाल मात्र दोन्ही परंपरांविरुद्ध दिला.

चित्रपटात एक प्रसंग असा आहे की जो सपाट पडद्यावर जवळजवळ निरर्थक होतो. कोरलाइन पलीकडच्या घरापासून दूर चालू लागते. झाडे हळूहळू रेखाटनांसारखी होतात आणि मग सारे पांढरे. चालता चालता समोर पुन्हा तेच घर येते, कारण दुसऱ्या आईने त्यापलीकडे काही बनवलेलेच नाही. सपाट पडद्यावर प्रेक्षकाला दिसतो तो पांढरा रंग. दोन डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्याहून वेगळे काही जाणवते. द्विनेत्री खोली ही दोन प्रतिमांतल्या खुणा जुळवून मिळते. जेथे खूणच नाही तेथे जुळवायला काही नसते. पांढऱ्यात डोळे आधार शोधतात आणि त्यांना तो मिळत नाही. आतापर्यंत ज्या खोलीने कोरलाइनला आणि प्रेक्षकालाही भुलवले तीच हातची जाते. काही पुढे आले नाही, कोणी किंचाळले नाही, आणि तरी अंगावर काटा येतो. भय या शब्दाला काही प्रतिष्ठा ठेवायची असेल तर ती अशा जागेसाठी ठेवली पाहिजे.

या चित्रपटावर साहित्याच्या अभ्यासकांनी जे लिहिले त्यात फ्रॉइडचा १९१९ चा ‘उनहाइमलिश’वरचा निबंध हटकून येतो, आणि ते उचितही आहे. ओळखीचे असून परके झालेले, घरातलेच असून घराबाहेरचे, असा तो अर्थ. मराठीत त्याला गूढ किंवा विलक्षण असा शब्द वापरला की मूळ शब्दातले घर निसटून जाते. पण ते असो. फ्रॉइडने त्या निबंधात हॉफमनच्या १८१६ मधील ‘सँडमन’ या कथेचा आधार घेतला, डोळे काढले जाण्याच्या भयाचा संबंध खच्चीकरणाशी लावला आणि ऑलिंपिया या यंत्रबाहुलीला बाजूला सारले. या बाजूला सारण्यावर एलेन सिक्सू यांनी १९७० च्या दशकातच बोट ठेवले होते. बटणांच्या डोळ्यांवरचे लेखन बहुतांशी फ्रॉइडच्या वाटेनेच जाते. हॉफमनच्या कथेत मात्र एक वस्तू आहे जिच्यावाचून काहीच घडत नाही. कोप्पोला हा फेरीवाला भिंगे आणि चष्मे विकतो, आणि आपल्या मालाला डोळे म्हणतो. नाथानाएल त्याच्याकडून एक लहान दुर्बीण घेतो, स्वतःच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या घरातल्या ऑलिंपियाकडे पाहतो, आणि निर्जीव बाहुली त्या भिंगातून सजीव होते. आपल्या खोलीत बसलेला माणूस, डोळ्यांवर विकत घेतलेले भिंग, आणि चौकटीत जिवंत होणारी बाहुली. घरी त्रिमितीय अ‍ॅनिमेशनपट पाहण्याचे याहून नेमके वर्णन नंतर कोणी केलेले नाही. समीक्षकांनी प्रतीके वेचली आणि उपकरण तेवढे जागेवर सोडले.

हे उपकरण प्रेक्षकाच्याही डोळ्यांवर आहे. चित्रपटगृहात त्याचे भान लवकर जाते. अंधार असतो, सगळ्यांनीच चष्मा लावलेला असतो आणि पडद्यावर कोणाचे प्रतिबिंब पडत नाही. घरच्या संचाची काच मात्र काळी आणि चकचकीत असते. ‘कोरलाइन’ रात्रीच्या दृश्यांनी भरलेला आहे. पडदा काळा झाला की त्यात खोलीतला दिवा दिसतो, खुर्ची दिसते, आणि खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके दिसतात. पलीकडच्या आईची अट प्रेक्षकाने चित्रपट सुरू होण्यापूर्वीच मान्य केलेली आहे, आणि ती कशासाठी, तर त्या खोल घरात जाता यावे म्हणून. तेथे अंगावर काहीही येत नाही. फक्त संचाच्या कडेने आपली भिंत दिसत राहते, आणि त्या भिंतीत साधारण त्या बुटक्या दाराएवढीच एक चौकट उघडी असते.

यावर कोणी म्हणेल की घरात लक्ष लागत नाही. कुकरची शिट्टी होते, दाराची घंटा वाजते. अभिनवगुप्ताच्या यादीत यालाही जागा आहे : स्वतःच्या सुखदुःखांत गुंतलेले चित्त हे तिसरे विघ्न. ते नाकारण्याचे कारण नाही. पण घरी कादंबरी वाचणाऱ्यालाही हेच विघ्न असते, आणि त्या कारणाने कोणी कादंबरी वाचनालयातच वाचावी असा आग्रह धरत नाही.

येथपर्यंतचे विवेचन सर्वच त्रिमितीय अ‍ॅनिमेशन भयपटांना सारखे लागू आहे असा समज होऊ नये. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ हा १९९३ चा सेलिक यांचाच चित्रपट २००६ मध्ये त्रिमितीत आणला गेला. मूळ चित्रीकरणात दुसऱ्या डोळ्याची प्रतिमा नव्हतीच. ती नंतर संगणकावर रचली. टिम बर्टन यांचा २०१२ चा कृष्णधवल ‘फ्रँकनवीनी’ही सपाट चित्रित करून मग रूपांतरित केलेला आहे. त्याच वर्षीचा ‘पॅरानॉर्मन’ मात्र जोडचित्रांतच टिपलेला आहे. २००६ च्या ‘मॉन्स्टर हाउस’मध्ये घरच राक्षस आहे, त्याचा गालिचा जीभ होतो. विषयाने तो येथे अगदी जवळचा वाटावा, पण त्याचे भय बहुतेक वेळ पुढे झेपावणारे आहे, आणि लहान पडद्यावर ते खरोखर केविलवाणे होते. घरगुती आवृत्त्याही एकजिनसी नाहीत. २००९ मध्ये ‘कोरलाइन’ची जी तबकडी निघाली तिच्यासोबत हिरव्या-जांभळट काचांचे चार कागदी चष्मे होते. त्या पद्धतीत खोली मिळते आणि रंग बिघडतो. ज्या चित्रपटात एक जग विटलेल्या रंगांचे आणि दुसरे भडक रंगांचे आहे, तेथे ही किंमत भारी आहे. प्रत्येक डोळ्याला पूर्ण रंगाची प्रतिमा देणारी ब्ल्यू-रेची त्रिमितीय आवृत्ती त्यानंतर आली.

म्हणजे एकाच शीर्षकाखाली निदान चार पाठ आहेत : चित्रपटगृहातला, रंगीत काचांचा, ब्ल्यू-रेचा आणि सपाट. अभ्यासकांच्या हाती बहुधा चौथा असतो आणि लेखात उल्लेख नुसत्या शीर्षकाचा असतो. हीच गोष्ट जुन्या ग्रंथाबाबत घडली असती तर काय झाले असते? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. हस्तलिखिते अक्षराअक्षराने ताडून, प्रक्षेप वेगळे काढून, प्रत्येक पाठभेद तळटीपेत नोंदवून तिने पाठचिकित्सेचा जो दंडक घातला तो आज कोणताही मराठी संशोधक अमान्य करणार नाही. ज्ञानेश्वरीतल्या एका अनुस्वारावरून वाद घालणारे विद्यापीठीय जग चित्रपटाकडे वळले की एक अख्खी मिती गळालेली प्रत मूळ संहिता म्हणून वर्गात लावते, आणि तिच्यावर विरचना, चिन्हमीमांसा, वाचककेंद्री समीक्षा अशी सारी आयुधे चालवते. वाचककेंद्री समीक्षेने तरी वाचकाच्या डोळ्यांवर काय होते हे विचारायला हवे होते. ‘नाइटमेअर’मधली त्रिमिती हा प्रक्षेप आहे आणि ‘कोरलाइन’मधली मूळ, हा भेद ज्याला सांगता येत नाही त्याने दोहोंतल्या खोलीची तुलना करू नये, एवढी अपेक्षा काही फार नव्हे.

पंधरा वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने २०२४ मध्ये ‘कोरलाइन’ पुन्हा चित्रपटगृहांत त्रिमितीत झळकला, तेव्हा तंत्राचा पुनर्जन्म झाल्याचे म्हटले गेले. त्याच वर्षी अ‍ॅपलचे डोक्यावर बांधायचे उपकरण बाजारात आले आणि त्यावर त्रिमितीय चित्रपट घरबसल्या पाहण्याची सोय झाली. आता संच नको, ब्ल्यू-रे नको, बंद पडलेल्या उत्पादनासाठी जुन्या बाजारात फिरणे नको. या सोयीचे स्वागत करताना एक गोष्ट मात्र नजरेआड होते. या उपकरणात पाहणाऱ्याला चित्रपटगृहाएवढा पडदा आपल्यापुढे उभा करता येतो, आणि भोवतालची खोली हवी तर पूर्णपणे पुसून टाकता येते. बाहुली पुन्हा माणसाएवढी होते. संचाच्या कडेने दिसणारी भिंत जाते, काळ्या काचेतले प्रतिबिंब जाते. घरात बसून पाहिलेला चित्रपट घरात पाहिला असे म्हणता येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. घरगुती त्रिमितीला उणी म्हणणाऱ्यांनी जे मागितले होते तेच त्यांना मिळाले आहे.

२०१० ते २०१७ या सात-आठ वर्षांत विकले गेलेले संच हळूहळू भंगारात चालले आहेत. ज्या संचांच्या चष्म्यांत घटिका असतात ते चष्मे अनेकदा संचांच्याही आधी निकामी होतात, कारण त्या घटिका संपतात. ग्रंथालये तबकडी दाखल करून घेतात. तिच्यावर क्रमांक पडतो, पत्रक तयार होते. ती ज्या काचेमागे एक वीत खोल उघडत असे ती काच आणि ज्या डोळ्यांनी ती पाहायची ते डोळे दाखलनोंदीत कोठेच नसतात.